विमानाच्या खिडक्यांवरील चिकट अवशेषांचे निर्मूलन

विमानाच्या खिडक्यांवरील चिकट अवशेषांचे निर्मूलन ही विमान देखभालीतील एक प्रक्रिया आहे. चिकटपट्टी, संरक्षक फिल्म, कागदी आच्छादन किंवा स्टिकर काढल्यानंतर खिडकीच्या तावदानावर आसंजकाचा म्हणजेच डिंकाचा जो थर उरतो, तो तावदानाला इजा न होऊ देता काढणे हा या प्रक्रियेचा हेतू असतो. बहुतेक विमानांच्या खिडक्या काचेच्या नसून ॲक्रिलिक या पारदर्शक प्लास्टिकच्या असतात. त्यामुळे घरातील काचेवरचा डिंक काढण्यासाठी सर्रास वापरले जाणारे थिनर, ॲसिटोन, पेट्रोल, अल्कोहोल किंवा ब्लेड हे उपाय येथे घातक ठरतात. उरलेला डिंक योग्य विद्रावकाने आणि सावकाश काढता येतो. चुकीच्या विद्रावकाने पडलेले तडे मात्र पुन्हा भरून येत नाहीत. म्हणून या कामात वेगापेक्षा विद्रावकाच्या निवडीला अधिक महत्त्व दिले जाते.

## खिडक्यांची रचना

विमानातील सर्व पारदर्शक भाग एकाच पदार्थाचे नसतात. अवशेष काढण्यापूर्वी तो भाग कोणत्या पदार्थाचा आहे हे निश्चित करणे ही पहिली पायरी मानली जाते.

* मोठ्या प्रवासी विमानांच्या वैमानिक कक्षाची पुढील काच म्हणजे विंडशील्ड. ही काच व प्लास्टिक यांच्या अनेक थरांची असते. तिच्यात बर्फ व धुके रोखण्यासाठी विजेने तापणारा पातळ थर बसवलेला असतो, तर काही विमानांत बाहेरील पृष्ठभागावर पाणी न टिकू देणारा लेपही असतो.
* प्रवासी कक्षाच्या खिडकीत सहसा तीन तावदाने असतात. सर्वांत बाहेरचे तावदान हवेच्या दाबाचा भार पेलते. मधले तावदान बाहेरचे निकामी झाल्यास भार घेण्यासाठी असते व त्यात दाब समतोल राखणारे एक बारीक छिद्र असते. प्रवाशाच्या हाताला लागणारे आतले तावदान केवळ संरक्षणासाठी असते. ते दाबाचा भार पेलत नाही.
* सेसना १७२ सारख्या लहान विमानांची पुढील काच व बाजूच्या खिडक्या, तसेच ग्लायडरचे छत्र, ॲक्रिलिकचे असते.
* हेलिकॉप्टरच्या खिडक्या ॲक्रिलिकच्या किंवा पॉलिकार्बोनेटच्या असतात. पॉलिकार्बोनेट आघात अधिक सहन करते. परंतु विद्रावकांच्या बाबतीत ते ॲक्रिलिकपेक्षाही नाजूक असून तीव्र अल्कधर्मी साबणांनीही त्याची हानी होते.

उंचावर उडणाऱ्या विमानात कक्षातील हवेचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा बराच जास्त असतो. हा फरक ८ पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ०.५६ किलोग्रॅम धरला, तर ७०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या तावदानावर जवळपास ३९० किलोग्रॅम वजनाइतका भार येतो. प्रत्येक उड्डाणात हा भार चढतो व उतरतो. तावदानावरील एखादा तडा केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही, याचे कारण हेच आहे.

## ॲक्रिलिकचे गुणधर्म

सुरुवातीच्या विमानांत खिडक्यांसाठी सेल्युलोजपासून बनवलेले पारदर्शक पत्रे वापरले जात. ते उन्हाने पिवळे पडत व ठिसूळ होत. १९३० च्या दशकात पॉलिमिथिल मेथाॲक्रिलेट हे बहुवारिक बाजारात आले. प्लेक्सिग्लास, पर्स्पेक्स, ल्युसाइट ही त्याचीच व्यापारी नावे होत. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांची छत्रे याच पदार्थाची होती. पुढे दाबयुक्त विमानांसाठी दोन्ही दिशांनी ताणून अधिक चिवट केलेले ॲक्रिलिक प्रचारात आले.

ॲक्रिलिक काचेपेक्षा हलके असते व आघाताने सहज फुटत नाही. मात्र ते काचेपेक्षा पुष्कळच मऊ असल्यामुळे कोरड्या फडक्यातील धुळीच्या कणानेही त्यावर ओरखडा उठतो. तापमानवाढीने ते काचेच्या सुमारे आठपट प्रसरण पावते. पाण्यात २४ तास बुडवल्यास ते वजनाच्या सुमारे ०.३ टक्के पाणी शोषते. सुमारे १०५ °से. तापमानाच्या आसपास ते मऊ होऊ लागते. कोरड्या कापडाने घासल्यास त्यावर स्थिर विद्युतभार जमतो व आसपासची धूळ ओढली जाते. अवशेष काढण्याच्या पद्धतीतील जवळजवळ प्रत्येक नियम या गुणधर्मांपैकी कोणत्यातरी एकाशी निगडित आहे.

## सूक्ष्म तडे

ॲक्रिलिकच्या पृष्ठभागावर केसापेक्षाही बारीक अशा असंख्य भेगा पडतात, त्या प्रकाराला क्रेझिंग किंवा सूक्ष्म तडे पडणे म्हणतात. समोरून पाहता त्या दिसतीलच असे नाही. परंतु तिरप्या प्रकाशात त्या चांदीच्या चुऱ्यासारख्या चमकतात.

हे तडे दोन कारणांच्या संयोगाने निर्माण होतात. पहिले कारण म्हणजे तावदानातील ताण. तो आकार देताना आत राहिलेला असतो, चौकटीचे स्क्रू आवळल्याने येतो किंवा हवेच्या दाबाने निर्माण होतो. दुसरे कारण म्हणजे विद्रावकाचा संपर्क. विद्रावकाचे रेणू बहुवारिकाच्या साखळ्यांमध्ये शिरतात, त्यांची परस्परांवरील पकड सैल करतात आणि ताणाखालील पृष्ठभाग तेथे उलतो. म्हणूनच एखाद्या द्रवाने सुट्या ॲक्रिलिकच्या तुकड्यावर काहीही परिणाम झाला नाही, तरी तोच द्रव विमानात बसवलेल्या तावदानाला तडे पाडू शकतो. टेबलावर केलेली चाचणी पुरेशी मानली जात नाही, ती यामुळेच. शिवाय तडे लगेच दिसतीलच असे नाही. ते काही काळाने किंवा पुढील उड्डाणांनंतर प्रकट होऊ शकतात.

## अवशेष कसे उरतात

खिडकीवर चिकट पदार्थ येण्याचे प्रसंग अनेक आहेत.

* रंगकाम : विमान रंगवताना किंवा जुना रंग काढताना खिडक्या कागद, फिल्म व चिकटपट्टीने झाकतात. रंगकामासाठीची मास्किंग टेप अमेरिकेतील थ्रीएम कंपनीत रिचर्ड ड्रू याने १९२५ मध्ये मोटारींच्या रंगकामासाठी विकसित केली. पुढे ती विमान उद्योगातही रूढ झाली.
* दीर्घकाळ उभे राहणे : उन्हापासून बचावासाठी खिडक्यांवर आच्छादने लावतात व ती पट्ट्यांनी जखडतात.
* नवे तावदान : कारखान्यातून येणाऱ्या तावदानावर संरक्षक कागद किंवा फिल्म असते. ती दीर्घकाळ तशीच राहिल्यास तिचा डिंक पृष्ठभागाला घट्ट धरतो.
* तात्पुरती उपकरणे व सजावट : कॅमेऱ्याचे आधार, सूचनापत्रे, लहान मुलांनी आतल्या तावदानावर चिकटवलेली चित्रे, किंवा दसऱ्याच्या यंत्रपूजेच्या वेळी चिकटपट्टीने लावलेले हार व तोरणे.

ताजी चिकटपट्टी सहसा स्वच्छ निघते. ऊन, उष्णता व काळ यांचा परिणाम झाल्यावर मात्र डिंकाचे ऑक्सिडीकरण होते आणि त्याच्या साखळ्या परस्परांशी जोडल्या जातात. पट्टीचा कागद ठिसूळ होऊन फाटतो व डिंक तावदानावरच राहतो. असा वाळलेला डिंक विद्रावकात पूर्ण विरघळत नाही. तो केवळ फुगतो व सैल होतो. म्हणून त्याला विरघळवण्यापेक्षा फुगवून उचलणे हे ध्येय ठेवले जाते.

## आसंजकांचे प्रकार

चिकटपट्ट्यांवरील दाबसंवेदी आसंजक मुख्यतः तीन गटांत मोडतात.

* रबरी आसंजक : नैसर्गिक किंवा कृत्रिम रबर व चिकटपणा वाढवणारी राळ यांचे मिश्रण. साध्या मास्किंग टेपवर बहुधा हेच असते. ते खनिज तेलाच्या हलक्या अंशांनी फुगते व निघते.
* ॲक्रिलिक आसंजक : स्टिकर, फिल्म व ॲल्युमिनियमच्या अनेक पट्ट्यांवर असते. रासायनिकदृष्ट्या ते तावदानाच्याच कुळातील असल्याने, त्याला झपाट्याने विरघळवणारे विद्रावक तावदानालाही विरघळवतात. हा सर्वांत अवघड प्रकार मानला जातो.
* सिलिकोन आसंजक : उच्च तापमानाच्या पट्ट्यांवर असते. याचा अदृश्य थर मागे राहिल्यास पुढील रंग किंवा सीलंट नीट धरत नाही.

## विद्रावकाची निवड

विद्रावक व बहुवारिक यांची जवळीक मोजण्यासाठी रसायनशास्त्रात विद्राव्यता प्राचल नावाचे मूल्य वापरतात. ज्यांची मूल्ये जवळजवळ असतात ते पदार्थ परस्परांत सहज मिसळतात. मेगापास्कलच्या वर्गमुळाच्या एककात काही ढोबळ मूल्ये अशी आहेत :

* हेक्झेन : १४.९
* नैसर्गिक रबर : सुमारे १६.५
* टोल्युइन : १८.२
* पॉलिमिथिल मेथाॲक्रिलेट : सुमारे १९
* ॲसिटोन : सुमारे २०
* इथेनॉल : सुमारे २६

हेक्झेनसारखे सरळ साखळीचे म्हणजे ॲलिफॅटिक हायड्रोकार्बन रबराच्या जवळ पण ॲक्रिलिकपासून दूर आहेत. त्यामुळे ते डिंक सैल करतात व तावदानाला सहसा धक्का लावत नाहीत. टोल्युइन व ॲसिटोन मात्र ॲक्रिलिकच्या दोन्ही बाजूंस अगदी लगत आहेत आणि तावदान विरघळवतात. इथेनॉलचे मूल्य दूर असल्याने ते ॲक्रिलिक विरघळवत नाही. तरीही ताणाखालील तावदानात शिरून ते तडे पाडू शकते. यावरून हे मूल्य निवडीस दिशा देते, पण एकटे पुरेसे ठरत नाही, हे दिसून येते.

अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने प्रसिद्ध केलेल्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शिकेत, साठवणीतील प्लास्टिकवरचा संरक्षक कागद घट्ट चिकटला असल्यास तो ॲलिफॅटिक नॅफ्थाने ओला करून सैल करावा व नंतर पृष्ठभाग लगेच स्वच्छ पाण्याने धुवावा, अशी पद्धत दिली आहे. सेसनाच्या वैमानिक पुस्तिकांत तेल व ग्रीस काढण्यासाठी स्टॉडार्ड सॉल्व्हंट या खनिज विद्रावकाने ओलसर केलेल्या मऊ कापडाचा उल्लेख आहे.

### निषिद्ध पदार्थ

ॲक्रिलिकसाठी पुढील पदार्थ सर्वसाधारणपणे निषिद्ध मानले जातात.

* ॲसिटोन, एमईके, लॅकर थिनर व नेलपॉलिश रिमूव्हर
* बेंझीन, टोल्युइन, झायलीन
* पेट्रोल : यात ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन असतात, शिवाय भारतात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉलही मिसळलेले असते
* अल्कोहोल व अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर
* अमोनियायुक्त काच-स्वच्छक
* अग्निशामक द्रव व बर्फरोधक द्रव
* रंग उतरवण्याची रसायने

पाण्यात पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलला काही उत्पादक मर्यादित परवानगी देतात, तर काही पूर्णतः मनाई करतात. अशा वेळी त्या विशिष्ट विमानाची देखभाल पुस्तिका प्रमाण मानली जाते. हार्डवेअरच्या दुकानात टर्पेंटाइन म्हणून मिळणाऱ्या खनिज विद्रावकात ॲरोमॅटिक अंश कमीअधिक असतो. त्यामुळे केवळ नावावरून त्याची सुरक्षितता ठरवता येत नाही.

## कार्यपद्धती

पुढील क्रम ॲक्रिलिकच्या, लेप नसलेल्या तावदानासाठी सामान्यतः अनुसरला जातो. लेप असलेल्या तावदानास किंवा पॉलिकार्बोनेटला तो जसाच्या तसा लागू होत नाही.

१. विमान सावलीत किंवा हँगरमध्ये आणून तावदान थंड होऊ दिले जाते. तापलेल्या पृष्ठभागावर विद्रावक लवकर उडून जातो व डिंक पुन्हा वाळतो.

२. काम करणारा अंगठी, घड्याळ, बांगड्या व कमरेच्या पट्ट्याचे बक्कल काढून ठेवतो किंवा झाकतो.

३. तावदानावर भरपूर स्वच्छ पाणी सोडून धूळ वाहू दिली जाते. सौम्य साबणाच्या पाण्याने ते उघड्या हाताने धुतात. हाताला खर लगेच जाणवते, फडक्याला जाणवत नाही.

४. पट्टी शिल्लक असल्यास ती एका टोकापासून उलटी दुमडून, पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर व सावकाश ओढली जाते. झटक्याने ओढल्यास कागद फाटतो.

५. पुस्तिकेत मान्य केलेल्या विद्रावकाने मऊ सुती कापड ओलसर करून ते अवशेषावर ठेवले जाते. विद्रावक थेट तावदानावर ओतत नाहीत. कारण तो कडांना वाहत जाऊन सीलंटमध्ये व चौकटीच्या खाचेत साचतो, आणि कडेलाच ताण सर्वाधिक असतो.

६. डिंक फुगल्यावर तो बोटाच्या पेराने किंवा कापडाने गोळी करून उचलला जातो. कापडाची घडी वारंवार बदलली जाते, जेणेकरून निघालेला डिंक पुन्हा पसरणार नाही. एका वेळी तळहाताएवढाच भाग घेतला जातो.

७. थर जाड असल्यास हीच कृती पुन्हा केली जाते. जोर वाढवणे किंवा अधिक तीव्र विद्रावक घेणे टाळले जाते.

८. विद्रावकाचा अंश साबणाच्या पाण्याने व नंतर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन काढतात. ओलसर शॅमॉय कातड्याने किंवा मऊ कापडाने, न घासता, पाणी टिपले जाते.

९. शेवटी मान्य मेणाचा पातळ थर देऊन तो मऊ फ्लॅनेलने हाताने चमकवला जातो. त्यामुळे किरकोळ ओरखडे भरल्यासारखे होतात.

पुसताना हात सरळ रेषेत फिरवण्याची शिफारस केली जाते. गोलाकार फिरवल्याने पडलेले बारीक ओरखडे समोर सूर्य असताना प्रकाशाची वलये निर्माण करतात. घरात काचेसाठी वापरले जाणारे रद्दी वर्तमानपत्र, कागदी रुमाल व घासणी ॲक्रिलिकवर वापरत नाहीत.

## यांत्रिक साधने व उष्णता

ब्लेड, धातूची पट्टी किंवा स्क्रूड्रायव्हर यांनी खरवडणे निषिद्ध आहे. त्यांनी उठलेला खोल ओरखडा भार पेलणाऱ्या तावदानात तड्याचा आरंभबिंदू ठरू शकतो.

डिंक मऊ करण्यासाठी कोमट पाण्यात भिजवलेले कापड ठेवण्याची पद्धत सुरक्षित समजली जाते. हॉट एअर गनमधून काही शंभर अंश सेल्सिअस तापमानाची हवा येते; ती ॲक्रिलिकच्या मऊ होण्याच्या मर्यादेपेक्षा फार जास्त आहे. उष्णतेचा धोका किती वास्तव आहे हे ऑक्टोबर २०२३ मधील एका घटनेने दाखवून दिले. ब्रिटनमधील स्टॅनस्टेड विमानतळावर टायटन एअरवेजच्या एअरबस ए३२१ विमानाजवळ उड्डाणाच्या आदल्या दिवशी चित्रीकरणासाठी शक्तिशाली दिवे लावण्यात आले होते. त्या उष्णतेने खिडक्यांची काही तावदाने विकृत झाली. ४ ऑक्टोबरला उड्डाणानंतर काही तावदाने जागेवरून सुटल्याचे लक्षात आले व विमान परत आणावे लागले. ब्रिटिश विमान अपघात तपास विभागाने या घटनेची चौकशी केली.

## तपासणी व दुरुस्ती

अवशेष निघाल्यानंतर तावदान वेगवेगळ्या कोनांतून, शक्यतो काळ्या पार्श्वभूमीसमोर विजेरीच्या तिरप्या प्रकाशात पाहिले जाते. सूक्ष्म तडे, ओरखडे, धूसरपणा आणि कडेजवळ थरांचे सुटणे यांचा शोध घेतला जातो. ओरखड्याची खोली प्रकाशीय सूक्ष्ममापकाने मोजून पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहतात.

किरकोळ ओरखडे क्रमाने बारीक होत जाणाऱ्या अपघर्षक कापडांनी, पाण्याच्या साहाय्याने घासून व पॉलिश करून काढता येतात. तथापि त्यामुळे तावदानाची जाडी घटते. दाबयुक्त विमानात किमान जाडी ठरलेली असते व तीखाली गेलेले तावदान बदलावे लागते. एकाच जागी अधिक घासल्यास तेथे खळगा होऊन दृश्य वेडेवाकडे दिसते. लहान विमानाच्या पुढील काचेत असा दोष असणे विशेष घातक असते, कारण दुसरे विमान वैमानिकाला प्रथम क्षितिजाजवळील एका ठिपक्याच्या रूपात दिसते आणि तो ठिपका डागात किंवा विकृत भागात लपू शकतो.

## कामातील सुरक्षितता

ॲलिफॅटिक नॅफ्था व तत्सम विद्रावक अत्यंत ज्वालाग्राही असून त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते. म्हणून काम हवेशीर जागी केले जाते. ठिणगी, धूम्रपान व चालू विद्युत उपकरणे दूर ठेवली जातात. भिजलेली फडकी झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकली जातात. हातमोजे व चष्मा वापरला जातो.

पट्ट्यांचा हिशेब ठेवणे हाही सुरक्षिततेचा भाग आहे. २ ऑक्टोबर १९९६ रोजी एरोपेरूचे ६०३ क्रमांकाचे उड्डाण लिमाहून निघाल्यानंतर समुद्रात कोसळले व विमानातील सर्व ७० जण मृत्युमुखी पडले. विमान धुताना स्थिर दाबाच्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली होती आणि त्यामुळे वैमानिकांना उंची व वेग यांची चुकीची माहिती मिळत होती. ती पट्टी खिडकीवरची नव्हती. मात्र लावलेली प्रत्येक पट्टी मोजून काढणे व त्याची नोंद करणे का आवश्यक असते, याचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

## नियमन

भारतात नागरी विमानांची देखभाल नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या म्हणजे डीजीसीएच्या नियमांखाली होते. देखभाल संस्थांना सीएआर-१४५ व अभियंत्यांच्या परवान्यांना सीएआर-६६ ही नियमावली लागू आहे. विमान उद्योगाच्या सामाईक प्रकरण-क्रमांकनात खिडक्यांसाठी ५६ हे प्रकरण राखीव आहे. तावदानांची तपासणी व दोषांच्या मर्यादा तेथे आढळतात. पुस्तिकेत नाव नसलेले स्वच्छक, ते बाजारात कितीही प्रचलित असले तरी, वापरण्याची मुभा नसते.

## महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात या प्रक्रियेशी संबंध येणारी सर्व प्रकारची विमाने आढळतात. मुंबई विमानतळावर मोठी प्रवासी विमाने असतात. १९२८ मध्ये स्थापन झालेला जुहू विमानतळ आज प्रामुख्याने हेलिकॉप्टरांसाठी वापरला जातो. नागपूरच्या मिहान प्रकल्पात प्रवासी विमानांचे देखभाल केंद्र आहे. नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात लढाऊ विमानांची निर्मिती व दुरुस्ती होते. बारामती, धुळे व गोंदिया येथे प्रशिक्षण विमाने आणि पुण्यातील हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये ग्लायडर उडवले जातात. या लहान विमानांची पुढील काच व छत्रे ॲक्रिलिकची असल्याने त्यांना हा प्रश्न अधिक जवळचा आहे.

राज्याच्या हवामानाचाही या कामावर परिणाम होतो. विदर्भातील उन्हाळ्यात तापमान ४५ °से.च्या आसपास पोहोचते आणि उघड्यावर उभ्या विमानाचा पृष्ठभाग त्याहून अधिक तापतो. अशा उन्हात राहिलेली पट्टी लवकर भाजून निघते. कोकणात याउलट पावसाळ्यातील दमट हवा कागदी आच्छादने ओली करून त्यांचा लगदा करते व डिंक मागे ठेवते.

कोविड-१९ च्या साथीत भारतातील नियमित देशांतर्गत विमानसेवा २५ मार्च ते २४ मे २०२० या काळात पूर्णपणे बंद होती आणि नियमित आंतरराष्ट्रीय सेवा मार्च २०२२ अखेरपर्यंत स्थगित राहिली. ऐन उन्हाळ्यात विमाने मोठ्या संख्येने उभी राहिल्याने आच्छादने लावणे, ठरावीक मुदतीत तपासणे व पुन्हा सेवेत घेताना ती स्वच्छ काढणे या कामांना त्या काळात विशेष महत्त्व आले.

स्वच्छ खिडकीचे मोल शोधकार्यात प्रकर्षाने जाणवते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल कोसळून वाहने पुरात वाहून गेली. त्यानंतर नौदल व तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांनी नदीपात्रात शोध घेतला. मुसळधार पावसात, गढूळ पाण्यावर डोळ्यांनी शोध घेताना खिडकीची पारदर्शकता हेच वैमानिक व निरीक्षक यांचे प्रमुख साधन असते.

## प्रतिबंध

अवशेष काढण्यापेक्षा तो होऊ न देणे सोपे असते. त्यासाठी पुढील खबरदारी घेतली जाते.

* पट्टी शक्यतो तावदानावर न लावता धातूच्या चौकटीवर लावणे.
* कमी चिकटपणाची व विमानकामासाठी मान्य केलेली पट्टीच वापरणे.
* पट्टी लावल्याची तारीख लिहून ठेवणे व उत्पादकाने दिलेल्या मुदतीत ती काढणे.
* काम संपताच, डिंक उन्हाने वाळण्यापूर्वी, आच्छादन उतरवणे.
* उभ्या विमानासाठी मापाची, आतून मऊ असलेली आच्छादने वापरणे. खरखरीत कॅनव्हास टाळणे.
* नव्या तावदानावरील संरक्षक फिल्म बसवणीनंतर उन्हात राहू न देणे.

## हेही पहा

* ॲक्रिलिक
* पॉलिकार्बोनेट
* आसंजक
* विमान देखभाल
* नागरी विमान वाहतूक महासंचालनालय
* जुहू विमानतळ